भोक पाडलं तर तडकेल का?

आमच्या ताईच्या चष्म्याच्या दुकानात आता चष्मे मिळत नाहीत. जिथे अक्षरांचा तक्ता टांगलेला असायचा, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळींचा, तिथे आता पांढऱ्या कागदाचं भलंमोठं भेंडोळं अडकवलेलं आहे. कागद खाली टेबलापर्यंत ओढायचा, त्यावर वस्तू ठेवायची, दोन बाजूंनी दिवे लावायचे आणि फोटो काढायचे. भाच्याचा धंदा जुन्या वस्तूंचा. लोक घरं रिकामी करतात, त्यातून पितळेचं, लाकडाचं, काचेचं जे काही निघतं ते तो आणतो आणि लिलावाच्या साइटवर मांडतो. लिलाव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हातोडा घेतलेला माणूस यायचा. इथे हातोडा नाही की आरडाओरडा नाही. बोली पडद्यावर लागते आणि वेळ संपली की सगळ्यात वरचा आकडा जागच्या जागी थांबतो.

कामाची वाटणी ठरलेली आहे. भाचा वस्तू आणतो आणि लोकांशी बोलतो. सूनबाई फोटो काढते आणि पार्सलं बांधते. तिने बांधलेलं काचेचं भांडं अजून कुणाकडे फुटून पोचलेलं नाही. वर्णन मी लिहितो. माझं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं, म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की हात थबकतो. 'किंचित झिजलेले' लिहावं की 'थोडे झिजलेले', यात माझी अख्खी सकाळ जाऊ शकते. भाचा म्हणतो, मामा, शाईची दौत आहे ती, कादंबरी नाही. त्याला प्रत्येक वर्णनात 'दुर्मिळ' हवं असतं. मी तो शब्द काढतो, तो परत घालतो, आणि ज्याचा हात शेवटचा लागेल त्याप्रमाणे दौत दुर्मिळ ठरते किंवा ठरत नाही.

दोष मात्र लपवायचे नाहीत, यावर तिघांचं एकमत आहे. दोषांचे फोटो सूनबाई वेगळे काढते आणि प्रत्येकात तिच्या बोटाचं टोक असतं, इथे बघा म्हणून दाखवणारं. गिऱ्हाइकं तिला चेहऱ्याने ओळखत नाहीत, नखाने ओळखतात. त्यामुळेच साइटवर भाच्याच्या नावापुढे हिरव्या खुणांची लांबलचक रांग होती. व्यवहार पुरा झाला की समोरचा माणूस खूण देतो. हिरवी म्हणजे समाधान, लाल म्हणजे तक्रार. आमच्याकडे लाल एकही नव्हती. भाचा ती रांग येता-जाता उघडून बघायचा, झोपलेल्या मुलाला आई जशी येता-जाता बघून जाते तशी.

ताईची भिंगांची पेटी लिलावात गेली ती कुणाच्या आग्रहाने नव्हे. तिची तिनेच दिली. छोट्या सुटकेसएवढी लाकडी पेटी, आत हिरवी मखमल, मखमलीत खाचा आणि खाचांमध्ये गोल भिंगं जोडीजोडीने उभी, कपाटातल्या पुस्तकांसारखी. काहींची कडा पांढऱ्या धातूची, काहींची पिवळ्या, आणि प्रत्येकाला धरायला चिमुकली मूठ. समोरच्याच्या नाकावर रिकामी चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं, ते काढून शेजारचं घालायचं आणि विचारायचं, "हे बरं, की मघाचं?" मेहुणे लवकर गेले. त्यानंतर ताईने या एका प्रश्नावर दुकान चालवलं आणि मुलगा वाढवला. पुढे पुढे तो प्रश्न तिच्या जिभेवरच बसला. पडद्याचं कापड असो की भाजीतलं मीठ, ती तसंच विचारायची. माझं लग्न दोनदा जमत आलं होतं. दोन्हीदा तिने मला तेच विचारलं आणि दोन्हीदा मला ठरवता आलं नाही.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिने दुकान बंद केलं. पेटी कपाटात गेली. मग एक दिवस तिनेच ती काढून पांढऱ्या कागदावर आणून ठेवली. नुसती पडून काय करायची, म्हणाली. कुणी शौकीन नेईल, झाकण उघडून बघेल, पाहुण्यांना दाखवेल. मी वर्णन लिहिलं. मखमल विटलेली, किल्ली हरवलेली, एक भिंग नंतर बदललेलं. भाच्याने माझी पाठ वळताच 'दुर्मिळ' घातलं आणि बोली सुरू झाली.

साइटवर वस्तूच्या खाली प्रश्न विचारायला जागा असते. आलेले प्रश्न मी मोठ्याने वाचतो, म्हणजे ज्याला उत्तर माहीत असेल तो देतो. पेटीवर सगळ्यात वरची बोली ज्याची होती त्याने साइटवर 'उजेड' असं नाव घेतलं होतं. त्याचा प्रश्न आला तेव्हा ताई चहा गाळत होती. मी वाचलं, "सगळ्या भिंगांचा व्यास सारखाच आहे ना? कडेला बारीक भोक पाडलं तर काच तडकेल का?"

ताईने गाळणं बाजूला ठेवलं आणि मला पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, भोक कशाला, ते विचार त्याला.

उत्तर लगेच आलं. तो टांगायचे दिवे बनवतो. जुनी भिंगं, घड्याळांच्या काचा असलं काही मिळालं की भोकं पाडून बारीक तारांनी ओवतो आणि आत बल्ब सोडतो. सोबत त्याने आधी केलेल्या एका दिव्याचा फोटो पाठवला होता. पाण्याच्या एखाद्या फुटलेल्या फुग्याच्या थेंबांनी हवेतच थांबावं तसं काहीतरी ते दिसत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, सुंदर आहे. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पेटी काढून घे तिथून," ती भाच्याला म्हणाली.

भाच्याने तिला शांतपणे समजावलं. वस्तू मांडली, बोली लागली, आता मागे घेतली तर लाल खूण बसते आणि ती कायमची राहते. जुन्या वस्तूंच्या धंद्यात तोंडओळख नसलेला माणूस त्या रांगेवर विश्वास ठेवून आपल्या आजोबांचा कॅमेरा आमच्या हातात देतो. रांगेत एक लाल दिसली की तो दुसरीकडे जातो. एकाच कारणाने लाल खूण बसत नाही, वस्तू तुटली किंवा हरवली तर. "मग तुटली म्हणून टाकू," तो म्हणाला. "कोण बघायला येतंय? विषय मिटला."

"धडधाकट पेटी तुटली म्हणून सांगायची?"

"आई, पेटीला काही वाटणार नाहीये."

"मला वाटेल," ताई म्हणाली. "चांगल्या चालत्याबोलत्या माणसाला गेला म्हणून कळवायचं, त्यातलाच प्रकार झाला हा."

तेव्हा तोडगा काढला सूनबाईने. लाल खुणेशिवाय पेटी मागे घेता येत नाही, पण वर्णनात भर घालता येते. नवे दोष सापडले तर ते सांगणं उलट आपलं कामच आहे. एवढे दोष सांगायचे की घेणाऱ्याची इच्छाच मरावी. दिवेवाला गळाला तर बाकीच्यांतला कुणीतरी नेईल, नाहीतर कुणीच नेणार नाही. भाच्याने खांदे उडवले. ताईने पेटी मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "लिही, पंडित." लहानपणापासून ती मला पंडित म्हणते. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. झाकणाची बिजागरी कुरकुरते. उजव्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे, मालकीण हिशेब करता करता पेटीवर डोकं टेकून झोपली होती. आत गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास येतो आणि तो जाणार नाही. मखमलीला एका जागी कसर लागलेली आहे. एका भिंगावर केसाएवढा ओरखडा आहे, तपासणी चालू असताना एका बाईंच्या बांगडीने पडलेला. चौकटीच्या कानामागच्या टोकाला एका लहान मुलाने कडकडून चावा घेतलेला असून दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात. एरवी मी असं लिहिताना 'किंचित' किंवा 'क्वचित' टाकून धार बोथट करतो. त्या दिवशी एकही शब्द मऊ केला नाही. सूनबाईने प्रत्येक दोषाचा नखासकट फोटो काढला. डाग, कसर, दात. आम्ही तिघं इतके खूश होतो की ताईने राहिलेल्या चहाला पुन्हा उकळी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोली वर गेलेली होती. थोडीथोडकी नव्हे, भाच्याने खुर्ची पुढे ओढून घ्यावी इतकी. खाली लोकांचे निरोप आले होते. एकाने लिहिलं होतं, इतकं खरं वर्णन या साइटवर पहिल्यांदाच वाचलं. दुसऱ्याला दातांच्या खुणांचा आणखी जवळून फोटो हवा होता. तिसऱ्याने विचारलं होतं, ज्या मुलाने चावलं त्याला पुढे चष्मा लागला का? सगळे विक्रेते 'उत्तम स्थितीत' लिहितात. त्यावर या मंडळींचा विश्वास कधीच उडालेला होता. आमचा शाईचा डाग त्यांना अस्सलपणाचा दाखला वाटला. इच्छा मरायची ती चेकाळली.

भाचा पोट धरून हसत होता. "मामा, तुम्ही 'दुर्मिळ' न लिहिता दुर्मिळ करून ठेवलीत की."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाचक मिळाले होते आणि तेही नेमके नको होते तेव्हा. शौकीन मंडळींपैकी एक जण बराच टिकला. ताईची सगळी आशा त्याच्यावर होती. पण तो एक पायरी चढला की 'उजेड' दोन चढायचा. शेवटी तो शौकीन एक चुटपुटता निरोप टाकून बाजूला झाला.

लिलाव संपायचा त्या दिवशी सकाळीच 'उजेड'चा निरोप आला की पेटी समक्ष बघायची आहे. तशी मुभा असते. भाच्याने या म्हणून कळवलं आणि ताईला सांगितलं, माणूस येतोय, जरा नीट बोल. ती म्हणाली, मी नेहमीच नीट बोलते, लोक वाकडं ऐकतात.

मी त्याला मनात बराच राक्षस करून ठेवला होता. आला तो किडकिडीत, विरळ दाढीचा, बोटांच्या टोकांवर तारांना डाग देताना भाजल्याच्या खुणा असलेला तरुण. चपला न सांगता बाहेर काढल्या. ताईला वाकून नमस्कार केला आणि काकू म्हणाला. भिंग उचललं ते कडेला धरून, काचेला बोट न लावता. ते ताईने पाहिलं आणि तिला ते आवडलं, हे मी पाहिलं.

तो मनापासून बोलत होता. पेटी कपाटात बंद राहिली तर ही भिंगं कोण बघणार, म्हणाला. त्याने ती टांगली तर रोज कितीतरी माणसं मान वर करून बघतील.

"भिंगाकडे बघायचं नसतं हो," ताई म्हणाली. "भिंगातून बघायचं असतं."

"वा, काकू," तो खूश होऊन म्हणाला. "हे वाक्य दिव्यासोबतच्या कार्डावर छापू का? तुमच्या नावाने?"

ताईचा चेहरा असा झाला की सूनबाई पार्सलाची दोरी शोधायला आत निघून गेली. मग ताईने त्याच्या नाकावर चौकट चढवली, त्याला रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावली आणि एकामागून एक भिंगं सरकवत गेली. हे बरं, की मघाचं? तो इमानदारीने उत्तरं देत होता. तिसऱ्या-चौथ्या भिंगाला ती थांबली. "आता समजा, यानंतरचं जे आहे ते तुमच्या दिव्यात लटकतंय. मी तुम्हाला काय विचारू? अशी एकेक नेलीत की उरलेल्यांचा काही उपयोग नाही. ही सगळी मिळून एक वस्तू आहे."

त्याने चौकट उतरवून हलकेच टेबलावर ठेवली. "पण काकू, आता या पेटीवर कोण डोळे तपासणार आहे? तुम्हीच विकायला काढलीत ना?"

ते खरं होतं आणि ताईला लागलं. तिने चौकट उचलून पेटीत ठेवली. "काढली. चुकले मी. आता विकायची नाही."

"लिलावात असं नसतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट समजूत काढल्यासारखा बोलला. "तुम्ही वस्तू मांडलीत, मी बोली लावली. संध्याकाळी माझी बोली वर असेल तर पेटी माझी. मी तिचं काय करतो, ती फोडतो की पुजतो, हे कोणी विचारायचं नसतं. लिलावात माणूस बघत नाहीत."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. हीच खरी पंचाईत होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, किंवा म्हणायचं ठरवून न म्हणता घरी आलो असतो.

ताईने पेटीचं झाकण लावलं. बिजागरी वर्णनाबरहुकूम कुरकुरली. "मग तुमच्या लिलावाला जाऊन सांगा," ती म्हणाली, "इथे माणूस बघतात."

तो गेल्यावर भाचा भडकला. घरी आलेल्या गिऱ्हाइकाला असं बोलतात का, तो काय चोर आहे का, त्याचा हक्क आहे, उद्या सगळीकडे सांगत सुटेल. ताई ऐकून घेत होती. तिने एकदाही त्याला तोडलं नाही. शेवटी तो दमला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "आई, ती रांग मी उभी केली आहे. एकेक पार्सल करून. तुला ती नुसती टिकल्यांची माळ वाटते, पण माझं दुकान तेच आहे. तुझं हे होतं तसं."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "तुझं नुकसान होणार आहे. होत नाही असं मी म्हणतच नाही. तरी मी देणार नाही."

वेळ संपायला थोडा अवकाश होता. साइटवर मागे घेण्याचं पान उघडलेलं होतं आणि त्यावर कारणांची यादी होती. तुटली, हरवली, आणि शेवटी 'इतर'. 'तुटली'वर टिचकी मारली की सगळे सुटत होते. पेटी घरात, रांग हिरवी आणि दिवेवाल्याला हळहळण्यापलीकडे काही नाही. मला स्वतःला विचाराल तर मी तेच केलं असतं, हे कबूल करायला हवं. मी तसं सुचवायला तोंडही उघडलं होतं.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "ठीक आहे, खोटं बोलायचं नाही ना? मग एक भिंग फोड. ते नंतर बदललेलं फोड, त्याला तसंही कुणी विचारत नाही. मग तुटली म्हटलं तर खरंच होईल."

तो टोमणा होता की तोडगा, हे त्यालाही माहीत नसावं. ताईने पेटी उघडली. ते भिंग अचूक काढलं आणि चिमुकल्या मुठीला धरून फरशीवर हात लांब केला. सूनबाई दारात उभी राहिली. मला वाटतं, त्या क्षणी भाच्यालाही ते फुटायला नको होतं. ताई भिंगाकडे बघत राहिली, मग ते पदराने पुसून खाचेत परत ठेवलं.

"त्याला भोक पाडू देत नाही," ती म्हणाली, "आणि मी माझ्या हाताने फोडू? कशासाठी? रांग हिरवी राहावी म्हणून?"

भाचा उठला. "मग मामांना करू दे काय ते. मी नाही बटण दाबणार."

असं सगळं माझ्यावर आलं. मी 'इतर' निवडलं. खाली कारण लिहायला चिंचोळी चौकट उघडली. मी लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव'. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होती. "कुठलं अपरिहार्य? मी नाही म्हणतेय म्हणून लिही." मी ते खोडलं आणि लिहिलं, 'मालकिणीने विचार बदलला'. "बदलला नाही," ती म्हणाली. "आधी केलाच नव्हता. आत्ता केला." भाचा भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण त्याच्या खांद्यांवरून मला वाटलं की त्याला हसू आलं असावं. मी तेही खोडलं. मग सूर्य बुडायच्या बेतात असताना, मखमलीच्या खाचांकडे बघत, मी दोन वाक्यं लिहिली. 'पेटी अख्खी आहे. तोडण्यासाठी देणार नाही.'

ताई माझ्या खांद्यावरून बाजूला झाली. म्हणजे पसंत पडलं.

मी पुढे गेलो तर पडद्यावर आलं, तुमची खात्री आहे का? हा प्रश्न मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारला, त्या सगळ्यांना मी 'जरा थांबा' असंच म्हणालो आहे. एकदा वाटलं, आताही थांबावं, ती दोन वाक्यं उलटसुलट करून बघावीत. मग मी 'होय' दाबलं.

लाल खूण फार वेळ न घेता आली. हिरव्या रांगेच्या टोकाला एक लाल ठिपका, आणि शेजारी 'उजेड'ने लिहिलेलं, विक्रेता शब्दाला जागत नाही, ऐनवेळी वस्तू मागे घेतली. ते सगळ्यांना दिसत होतं. भाचा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलू लागला आणि ताईशी तेवढंही नाही. वर्णनात 'दुर्मिळ' घालायचंही त्याने सोडलं. मला त्याचं जास्त वाईट वाटलं. ज्या घरांतून जुने कॅमेरे यायचे होते त्यांनी ते दुसऱ्याला दिले. सूनबाई फोटोंसाठी कागद ओढायची, ठेवायला वस्तू नसायची, मग कागद पुन्हा गुंडाळायची. ताई हे बघत होती. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण एकदाही ती म्हणाली नाही की द्यायला हवी होती.

मग एका दुपारी फोन आला. या धंद्यातलाच कुणी मुरलेला विक्रेता होता. भाच्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता कारण हातात घड्याळाचे सुटे भाग होते. तो माणूस मायेने बोलत होता. अरे, लाल खूण कसली ओढवून घेतलीस, म्हणाला. तुटली म्हणायचं, मोकळं व्हायचं. आम्ही सगळे तेच करतो. किंमत मनासारखी लागली नाही की वस्तू तुटते. माझ्याकडे दर महिन्याला काहीतरी तुटतं. तो खो खो हसला.

भाचा हसला नाही. त्याने घड्याळाचा काटा कागदावर ठेवला.

"म्हणजे मागे मी तुमच्याकडून ती होकायंत्राची जोडी घेतली होती," तो म्हणाला, "आणि तुम्ही पाठवायच्या आधी फुटली म्हणून कळवलंत, ती फुटली नव्हती."

पलीकडचं हसणं थांबलं. मग, जुनी गोष्ट आहे रे, असं काहीसं ऐकू आलं. त्या माणसाच्या नावापुढची रांग लांबलचक आणि हिरवीगार होती. भाच्याने नमस्कार म्हणून फोन ठेवला. मग बराच वेळ तो एकाच चाकाला तेल देत बसला.

त्याच आठवड्यात 'उजेड'ने तडजोड सुचवली. तक्रार करणाऱ्याने मागे घेतली तर लाल खूण पुसली जाते, आणि तो ती मागे घ्यायला तयार होता. त्याला पेटी नको होती. फक्त टोकाची जाड भिंगं हवी होती, ज्यांची कुणाला फारशी गरज पडत नाही. बाकी पेटी काकूंकडेच राहू दे. पैसे तो चांगले देईल. निरोप सभ्य होता, आणि मला तर तो न्याय्यही वाटला. मी वाचून दाखवला आणि कुणाकडे बघावं हे न कळून पडद्याकडेच बघत राहिलो.

ताई खुर्चीतून उठली नाही. ती भाच्याला म्हणाली, "खूण तुझी आहे. तू सांग."

भाचा कपाटापाशी गेला. पेटी काढून त्याने पांढऱ्या कागदावर ठेवली आणि झाकण उघडलं. टोकाच्या खाचेतलं सगळ्यात जाड भिंग काढून खिडकीकडे धरलं. खिडकीबाहेरचा रस्ता त्यात उलटा आणि मुठीएवढा झाला असणार.

"हे कुणाला लागायचं?" त्याने विचारलं.

"फार थोड्यांना," ताई म्हणाली. "जे भिंतीला धरून आत यायचे, त्यांना."

त्याने भिंग परत ठेवलं, आधी चुकीच्या खाचेत, मग ताईने बोटाने दाखवल्यावर बरोबर. मग मला उठवून माझ्या खुर्चीत बसला आणि स्वतः टाइप करू लागला. मी वर्णनं लिहायला लागल्यापासून त्याने पहिल्यांदाच माझ्याकडून एकही शब्द मागितला नाही. 'जाड भिंगं मिळणार नाहीत. बारीकही नाहीत. लाल खूण राहू द्या.'

त्याने पाठवायच्या आधी मान वळवून मला विचारलं, "मामा, काही बदलायचंय?"

मी दोनदा वाचलं. "नाही," म्हणालो. "पाठव."